खोका नव्हे, सांधे तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत सुपरहिरो फिगर, म्हणजे सांधे हलवता येणारे प्लास्टिकचे नायक, जमवण्याच्या छंदावर लेख आला. विषयाला जागा दिलीत, बरे वाटले. मात्र ‘खोका फोडू नका, दहा वर्षांनी सोने होईल’ अशा अर्थाचा जो सल्ला त्यात आहे, त्यावर विसंबून कुणी पैसे अडकवू नयेत म्हणून हे पत्र. खोक्यावर किंमत ठरते ही समजूत जुन्या आणि मोजक्याच निघालेल्या मालापुरती खरी. आज दुकानात दिसणारी फिगर ढिगाने निघते, चालली तर तीच पुन्हा बाजारात येते आणि ती सीलबंद ठेवणारेही खंडीभर असतात. शिवाय नागपूरच्या उन्हाळ्यात खोक्याच्या आत काय झाले ते बाहेरून कळत नाही. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेताना आपण चाक फिरवून, शिंग हलवून बघतोच ना? हजारोंची फिगर मात्र खिडकीतून बघून घेतली जाते.

आधी माप. बाजारात तीन मापे जास्त दिसतात. मार्वल लेजेंड्स ही सहा इंची मालिका २००२ मध्ये टॉय बिझने सुरू केली आणि २००७ पासून ती हॅस्ब्रोकडे आहे. मॅक्फार्लेनची डीसी मल्टिव्हर्स सात इंची. हाँगकाँगच्या हॉट टॉइजची १:६, म्हणजे खऱ्याच्या सहाव्या हिश्शाची, साधारण तीस सेंटीमीटरची, अंगावर खरे कपडे असलेली. ‘सहा इंची’ हे प्रमाण आहे, प्रत्येक फिगरची उंची नव्हे. या १:१२ प्रमाणात सहा फुटी नायक सव्वापंधरा सेंटीमीटरचा होतो, पण कॉमिक्समधला वुल्व्हरिन पाच फूट तीन इंचांचा, म्हणजे त्याची फिगर साडेतेराच्या आतच भरायला हवी. बुटकी म्हणून नकली ठरवू नका; उलट वुल्व्हरिन कॅप्टन अमेरिकाच्या खांद्याला खांदा लावून उभा राहत असेल तर शंका घ्या.

नकली माल ओळखण्याचे बरेच ठोकताळे सांगितले जातात. त्यातले काही उलटेच आहेत. उदाहरणार्थ, चेहऱ्यावर ठिपके दिसले की नकली, असे सर्रास म्हणतात. दहापट भिंगातून पाहिले तर हॅस्ब्रोच्या अलीकडच्या मानवी चेहऱ्यांवर भुवया, ओठ, दाढीची खुंटे बारीक रंगीत ठिपक्यांनी बनलेली दिसतात, कारण ते चेहरे कुंचल्याने किंवा शिक्क्याने रंगवलेले नसून थेट छापलेले असतात. नकलेत बहुधा सपाट रंगाचा डोळा असतो आणि बुबुळ किंचित सरकलेले. ठिपके हे अस्सलपणाच्या बाजूचे लक्षण आहे. फक्त ते जागेवर आहेत ना हे पाहावे: छपाई एका मिलिमीटरने घसरली तर डोळा गालावर येतो, आणि अशी फिगर अस्सल असूनही सदोष नग म्हणूनच विकली जाते.

दुसरा गोंधळ सालाचा. पाठीवर, मांडीच्या आतल्या बाजूला किंवा तळव्यावर कंपनीचे नाव, हक्काचे (कॉपीराइटचे) साल आणि देश कोरलेला असतो. २०१९ च्या फिगरवर २०१२ दिसले म्हणून ग्राहक परत येतो. ते साल त्या साच्याचे असते. एकच धड वेगवेगळ्या रंगांत पाच-सात नायकांना वापरणे ही या धंद्यातली रोजची गोष्ट आहे. फक्त डोके, हातमोजे, बूट, पट्टा बदलतात. त्यामुळे सालावरून वय काढू नका. अक्षरांची धार मात्र जरूर पाहा. अस्सल फिगरवरून साचा काढून ओतलेल्या प्रतीत ही अक्षरे बुजलेली येतात, ‘ओ’चे पोट भरून जाते. अशा प्रतीचे प्लास्टिक थंड होताना पुन्हा आक्रसते. एबीएस हे कडक प्लास्टिक साधारण अर्धा टक्का. पंधरा सेंटीमीटरला हा फरक पाऊण मिलिमीटर, डोळ्यांना न दिसणारा. पण अस्सल ढालीची खुंटी नकली मनगटाच्या छिद्रात जात नाही, अस्सल डोके नकली मानेवर लोळते. घरात त्याच मालिकेची एखादी खात्रीची फिगर असेल तर तिची ढाल किंवा जादा हात खिशात घालून न्या. इतकी सोपी कसोटी दुसरी नाही.

आयएसआय चिन्हाबद्दल लेखात एक ओळ होती, ती अपुरी आहे. खेळण्यांचा गुणवत्ता नियंत्रण आदेश १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे आणि तो चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांसाठी आहे. मार्वल लेजेंड्सच्या खोक्यावर चार वर्षांपुढील असे लिहिलेले असते, म्हणून इथल्या दुकानात विकायच्या खोक्यावर आयएसआय चिन्ह, परवाना क्रमांक, आयातदाराचे नाव-पत्ता आणि एमआरपी हवी. क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर टाकून पाहता येतो. मोठ्यांसाठीच्या, पंधरा वर्षांपुढील म्हणून विकल्या जाणाऱ्या फिगरला आयएसआय चिन्हाची सक्ती लागू नाही, आणि कुणी परदेशातून येताना आणलेल्या खोक्यावर ते असणारही नाही. म्हणजे चिन्ह नाही म्हणून माल नकली होत नाही. पण दुकानदार ‘कंपनीचा माल’ म्हणतो आणि खोक्यावर आयातदाराची चिठ्ठीच नाही, हे जुळत नाही. खेळण्यांवरचे आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाले, २०२३ मध्ये ७०. हे भरून आलेली सहा इंची फिगर इतवारीत तीनशे रुपयांना कशी सुटेल, एवढा हिशेब मनातल्या मनात करता येतो. ‘फर्स्ट कॉपी है भैया’ असे सरळ सांगणारा विक्रेता निदान प्रामाणिक म्हणायचा. घरातल्या पोराला खेळायला ती ठीक, पण तिच्या रंगात आणि प्लास्टिकात काय आहे याची हमी कुणी घेत नाही, म्हणून तोंडात घालणाऱ्या वयाला ती नकोच.

आता सांधे. परीक्षणाचा निम्मा वेळ इथे जायला हवा, आणि नेमकी इथेच घाई होते. फिगर हातात आली की पहिल्यांदा हात वर करून बघू नका. खोक्यात महिनोन्‌महिने पडून असलेल्या फिगरचे सांधे रंगाने किंवा दाबाने चिकटलेले असतात, आणि पहिल्याच पिळात खुंटी तुटते. सांध्याच्या दोन्ही बाजू बोटांत धरा, सांध्यापासून लांबचा भाग धरू नका. मनगट फिरवायचे तर एका हाताने पंजा नव्हे, पंजाचे मूळ पकडा. आधी अगदी थोडे फिरवून पाहा. हलले तर पुढे. नाही हलले, प्लास्टिक नुसते पिळले जाते आहे असे वाटले तर तिथेच थांबा. सर्वांत आधी तुटतो तो मनगटाचा पेग, म्हणजे खुंटी, मग कोपराखालचा, मग घोटा. कारण उघड आहे, तिथे प्लास्टिक सर्वांत बारीक आणि जोर सर्वांत जास्त लागतो.

विकत घ्यायची फिगर दुसऱ्याची असते, तेव्हा गरम पाण्याचा उपाय मालकाला विचारूनच. पाणी उकळून पाच मिनिटे बाजूला ठेवावे, साधारण सत्तर-ऐंशी अंशांवर आले की फक्त तो सांधा तीस ते साठ सेकंद बुडवावा आणि गरम असतानाच हलक्या हाताने फिरवावा. हलला की थंड पाण्यात धरावा. वाकडी तलवार, कललेला पाय असाच सरळ होतो: गरम करून सरळ धरायचा आणि बर्फाच्या पाण्यात तसाच गार होऊ द्यायचा, नाहीतर तो पुन्हा आपल्या जागी वाकतो. ज्यात दिवे किंवा बटण सेल आहेत, ज्यावर कापडी किंवा रेग्झिनचे कपडे आहेत, ती फिगर पाण्याच्या जवळपासही नेऊ नये.

सांधा फिरला म्हणजे झाले असे नाही. गुडघा दोन टप्प्यांत वाकतो का, दोन्ही गुडघ्यांची टकटक सारखी आहे का, खुब्याचा सांधा पाय बाजूला उचलून धरतो की सोडून देतो, हे पाहा. मग फिगर दोन्ही पायांवर, आधाराशिवाय, सपाट फरशीवर उभी करा आणि बोलणी सुरू ठेवा. दहा मिनिटांत ती पुढे कलली तर घोटा ढिला आहे. खाली बघताना पायांवरही नजर टाका. दोन्ही डावे पाय किंवा उलटा बसवलेला पंजा कारखान्यातूनच आलेला सापडतो. असे दोष दुर्मीळ म्हणून जास्त किमतीला विकणारे भेटतात. आजकालच्या मालात तो निव्वळ सदोष नग आहे, त्याला वरचा पैसा देऊ नये.

सांध्याभोवती तीन खुणा शोधा. वाकलेल्या जागी प्लास्टिक पांढरे पडले असेल तर तिथे ताण बसला आहे, आज ना उद्या चीर जाणार. सांध्याच्या कडेने धुरकट पांढरा थर असेल तर कुणीतरी फेव्हिक्विक वापरले आहे. त्याची वाफ आजूबाजूच्या प्लास्टिकवर असा थर सोडते आणि तो पुसून पूर्ण जात नाही. म्हणजे तुटलेला पेग चिकटवला आहे किंवा ढिला सांधा जाम केला आहे. तिसरी खूण रंगाची: उजव्या दंडाची निळी छटा डाव्यापेक्षा वेगळी असेल तर हात दुसऱ्या फिगरचा आहे. ही तुलना दुकानातल्या दिव्याखाली करू नका, दारात दिवसाच्या उजेडात या. ढिला सांधा हा त्या मानाने क्षुल्लक दोष. बॉल जॉइंट काढून गोळ्यावर साध्या फेव्हिकॉलचा अगदी पातळ थर द्यावा आणि पूर्ण सुकू द्यावा, दिवसभर तरी, मगच बसवावा. ओला असताना बसवला तर सांधा धरून बसतो. जमले नाही तर पाण्याने धुऊन पुन्हा करता येते, हा त्यातला फायदा.

प्लास्टिक बोटांना चिकट लागले तर बहुतेक जण म्हणतात, धूळ बसली आहे, पुसून घेऊ. ती धूळ नसते. मऊ भाग पीव्हीसीचे असतात आणि ते मऊ राहावेत म्हणून त्यात तेलकट रसायन, प्लास्टिसायझर, मिसळलेले असते. उष्णतेने ते हळूहळू पृष्ठभागावर येते. बंद खोक्यात हवा खेळत नाही, म्हणून सीलबंद फिगर उघड्यापेक्षा जास्त चिकट निघू शकते. लेखातल्या सल्ल्यावर आमचा मुख्य आक्षेप हाच. कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-चार थेंब, मऊ टूथब्रश, मग सावलीत वाळवणे, एवढ्याने चिकटपणा जातो. काही काळाने परत येतो, मग पुन्हा धुवावे. थिनर, पेट्रोल, नेलपेंट रिमूव्हर यांपैकी काहीही लावले तर चिकटपणाबरोबर चेहराही जाईल. हेच रसायन शेजारच्या वस्तूंनाही खाते. मऊ रबरी केप किंवा चाबूक कडक प्लास्टिकच्या छातीला महिनोन्‌महिने टेकून राहिला तर तिथे वितळल्यासारखा चर पडतो. केप उचलून पाठ बघा. गडद निळ्या चड्डीचा डाग पिवळ्या मांडीवर उतरलेला दिसेल, तोही धुऊन निघत नाही.

नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो. वरच्या मजल्यावरची खोली, पत्र्याखालचा माळा, उन्हात उभी केलेली बंद गाडी यांचा ताप त्याहून किती तरी जास्त. एवढ्या उष्णतेत पीव्हीसी वितळत नाही, पण मऊ पडते, आणि एका पायावर उडीच्या पवित्र्यात उभी असलेली फिगर स्वतःच्याच वजनाने कलते. उन्हाळ्यात सर्व फिगर सरळ, दोन्ही पायांवर किंवा आडव्या ठेवाव्यात. आणि कूलर! त्याच्या थेट झोतात ठेवलेल्या खोक्याचे पुठ्ठे खालून फुगतात, कार्डावरचा पारदर्शक फुगा कडेने सुटू लागतो, आणि मग विक्रेता तो परत चिकटवतो. कार्ड तिरपे धरून फुग्याची कड न्याहाळली तर हा गोंद चमकतो.

पावसाळ्यातला शत्रू वेगळा. १:६ च्या महागड्या फिगरचे बॅटमॅनछाप चकचकीत पोशाख बहुधा पॉलियुरेथेनच्या रेग्झिनचे असतात. ते हवेतल्या ओलाव्यानेच विघटन पावते. हात लावा वा न लावा, काही वर्षांनी पापुद्रे सुटतात. अशा फिगरचे कोपर आणि गुडघे किंचित सरळ करून आतल्या वळीत बघा, पहिली भेग तिथे येते. हा दोष दुरुस्त होत नाही, म्हणून अशा फिगरला पूर्ण किंमत देण्यापूर्वी तिचे वय विचारावे. डोळ्यांत किंवा छातीत दिवा असेल तर सेलची झाकणी उघडायला लावा. हिरवट-पांढरी भुकटी दिसली तर सेल गळला आहे. कपाटात डांबरगोळ्या टाकून फिगर ठेवणारी घरे बरीच आहेत. त्या गोळ्यांची वाफ काही प्लास्टिक मऊ करते. आणि (संपादकांची क्षमा मागून) वर्तमानपत्रात गुंडाळू नका. छपाईची शाई मऊ पीव्हीसीवर उतरते, मग सुपरमॅनच्या गालावर क्रिकेटचा स्कोअर वाचायला मिळतो.

सोबतच्या वस्तू खोक्याच्या मागच्या चित्रावरून मोजाव्यात: जादा पंजे, दुसरे डोके, शस्त्र, स्टँड. मार्वल लेजेंड्सच्या बऱ्याच संचांत प्रत्येक फिगरबरोबर एका मोठ्या फिगरचा हात, पाय किंवा धड येते आणि सगळी घेतली की ती मोठी फिगर जुळते. हा तुकडा नसेल तर भाव उतरतो, आणि ‘फिगर तर पूर्ण आहे’ असे म्हणणारा विक्रेता तो तुकडा वेगळा विकून मोकळा झालेला असतो.

खोक्याबद्दल थोडक्यात. फॅक्टरीची चिकटपट्टी एकदाच लागते. तिच्याखाली पुठ्ठ्याचे धागे उपटलेले असतील किंवा पट्टीवर पट्टी असेल तर खोका उघडलेला आहे. हॅस्ब्रोने २०२२ च्या सुमारास खिडकी नसलेले बंद कागदी खोके आणले, पुढे खिडकी परत आणली. त्या मधल्या काळातल्या खोक्यांत फिगर काढून भलतेच काही भरून परत केल्याचे प्रकार झाले, म्हणून असा खोका घरी आला तर फोडतानाचे चित्रीकरण एकसलग करावे, पत्त्याच्या चिठ्ठीपासून. अमेरिकेतल्या ॲक्शन फिगर ऑथॉरिटीसारख्या संस्था फिगर ॲक्रिलिकच्या पेटीत बंद करून शंभरपैकी गुण देतात. पाचआकडी किमतीच्या जुन्या नगाला ते ठीक. हजार-दोन हजारांच्या फिगरला तो खर्च परवडत नाही.

घरात जुना माल असेल त्यांच्यासाठी एक सूचना. १९८७ साली एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांनी मिळून काढलेल्या फनस्कूलच्या इथे बनलेल्या जी. आय. जो फिगर, किंवा लिओ कंपनीच्या ही-मॅन, यांचे रंग परदेशी आवृत्तीपेक्षा वेगळे असल्यामुळे बाहेरचे संग्राहक त्या शोधतात. त्या सुपरहिरोत मोडत नाहीत, पण माळ्यावर त्याच डब्यात निघतात. विकण्याआधी त्यांना रंग लावू नका, घासू नका. जी. आय. जोच्या कमरेत रबरी ओ-रिंग असते, ती कुजून तुटली की धड आणि पाय वेगळे होतात. पाठीवरचा स्क्रू काढून नवी रिंग घालता येते, त्यासाठी फिगर मोडीत काढायची गरज नाही. गंजलेला स्क्रू मात्र जोर लावून फिरवला तर त्याची खाच जाते. एक थेंब तेल आणि रात्रभर सबुरी.

किंमत ठरवताना ऑनलाइन विक्रेते मागतात ते आकडे सोडून द्यावेत. झालेल्या विक्रीचे भाव बघावेत, तेही त्याच अवस्थेतल्या नगाचे. आणि बिल घ्यावे. त्यावर नुसते ‘टॉय’ असे नको: कंपनी, मालिका, पात्राचे नाव, ‘अस्सल’ हा शब्द, आणि असतील ते दोष, जसे की डावा घोटा ढिला, एक पंजा नाही. दुकानाबाहेर पडण्यापूर्वी तिथेच चार फोटो काढावेत, समोरून, पाठीमागून, तळव्यांचा आणि मांडलेल्या सर्व भागांचा. पुढे जिल्हा ग्राहक आयोगात जायची वेळ आली तर खोका कामाला येत नाही, बिल आणि हे फोटो येतात.

आपले,
नागपुरातील काही फिगर संग्राहक